बंदुकीचा हिंसाचार आणि फौजदारी व्याख्या : अमेरिकेतील एका प्रश्नाचा इतिहास (१९११-२०२५)

प्रस्तावना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २०२३ या वर्षी बंदुकीच्या गोळीने ४६,७२८ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी २७,३०० व्यक्तींनी स्वतःवरच गोळी झाडून घेतली होती, तर १७,९२७ व्यक्तींचा खून झाला होता. अपघात, पोलिसांचा गोळीबार आणि कारण निश्चित न झालेले मृत्यू मिळून उरलेली संख्या अल्प आहे. म्हणजे दर दहा मृत्यूंमागे जवळजवळ सहा आत्महत्या. हे प्रमाण त्या एका वर्षापुरते अपवादात्मक आहे असेही नाही. अमली पदार्थांच्या व्यापारातून शहरोशहरी उसळलेल्या रक्तपातासाठी जे वर्ष आजही उदाहरण म्हणून दिले जाते, त्या १९९३ मध्येसुद्धा बंदुकीने झालेले खून १८,२५३ होते आणि बंदुकीने झालेल्या आत्महत्या १८,९४०.

असे असूनही अमेरिकेतील बंदूकविषयक कायदा, संसदेतील चर्चा, न्यायालयीन वाद आणि वृत्तपत्रीय लेखन या सर्वांचा केंद्रबिंदू गुन्हेगार हाच राहिला. बंदूक कोणाच्या हाती असावी आणि चुकीच्या हाती सापडल्यास त्या हाताला किती वर्षांची शिक्षा व्हावी, या दोन प्रश्नांभोवती तेथील विचार शंभर वर्षे फिरत आला आहे. बंदुकीचा प्रश्न हा स्वभावतःच फौजदारी न्यायव्यवस्थेचा प्रश्न आहे, असे त्यामुळे सहज वाटू लागते. परंतु ही व्याख्या स्वयंसिद्ध नव्हती. ती टप्प्याटप्प्याने घडली आणि ती घडत असताना प्रश्नाकडे पाहण्याच्या अन्य वाटा कायद्यानेच एकामागून एक बंद करण्यात आल्या. या घडणीचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कॉरोनरच्या कचेरीतून

या इतिहासाचा आरंभ पोलीस ठाण्यात होत नाही. तो न्यूयॉर्क शहरातील कॉरोनरच्या, म्हणजे मृत्युसमीक्षकाच्या कचेरीत होतो. ऑगस्ट १९१० मध्ये शहराचे महापौर विल्यम गेनर यांच्यावर गोळी झाडण्यात आली. जानेवारी १९११ मध्ये कादंबरीकार डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स यांना ग्रामर्सी पार्कजवळ भर दिवसा गोळ्या घालून ठार करण्यात आले आणि मारेकऱ्याने तेथेच स्वतःवरही गोळी झाडली. कॉरोनरच्या कचेरीत काम करणारे जॉर्ज पेटिट ले ब्रन यांच्यासमोर अशा मृतदेहांच्या नोंदी रोज येत असत. पिस्तुलांच्या विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा व्हावा म्हणून त्यांनी शहरातील प्रतिष्ठितांना पत्रे लिहून मोहीम चालविली. त्या नोंदींत खून होते तशाच आत्महत्याही होत्या. फिलिप्स प्रकरणात तर दोन्ही एकाच पदपथावर, एकाच पिस्तुलाने घडलेल्या होत्या.

या मोहिमेतून जो कायदा झाला तो मात्र फौजदारी स्वरूपाचा होता. टॅमनी हॉलचे राजकारणी आणि राज्याचे सिनेटर टिमथी सलिव्हन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९११ च्या या कायद्याने अंगावर लपविता येण्याजोग्या शस्त्रासाठी परवाना आवश्यक केला आणि परवान्याशिवाय ते बाळगून फिरणे हा गंभीर गुन्हा ठरविला. परवाना देण्याचे काम अधिकाऱ्यांच्या विवेकावर सोपविण्यात आले. कायद्याच्या अंमलाचा पहिला भार इटालियन स्थलांतरितांच्या वस्त्यांवर पडला. कॉरोनरच्या वहीतील आत्महत्येच्या बाजूला या कायद्यात वेगळे स्थान मिळाले नाही.

कराच्या वाटेने

संघीय सरकारचा या क्षेत्रातील प्रवेश याहून वळणावळणाचा आहे. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोत सात जणांचे हत्याकांड झाले. त्यात थॉम्प्सन मशीनगन वापरली गेली होती आणि त्या हत्याराची दहशत देशभर पसरली. फेब्रुवारी १९३३ मध्ये मायामी येथे नियोजित अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यावर गोळीबार झाला. ते बचावले, पण शिकागोचे महापौर अँटन सरमॅक त्यात जखमी होऊन पुढे मरण पावले. रूझवेल्ट यांचे ॲटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांनी गुन्हेगारीविरुद्ध व्यापक मोहीम उघडली. तथापि अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार सामान्य पोलीस अधिकार राज्यांकडे असल्याने संघीय सरकारला शस्त्रावर थेट बंदी घालणे अवघड होते. म्हणून जी युक्ती १९१४ मध्ये अमली पदार्थांसाठी योजिली गेली होती तीच येथेही वापरण्यात आली : बंदी न घालता कर लावणे.

१९३४ च्या राष्ट्रीय अग्निशस्त्र कायद्याने मशीनगन, आखूड नळीच्या बंदुका आणि सायलेन्सर यांच्या निर्मितीवर व हस्तांतरावर २०० डॉलर कर बसविला. त्या काळी ही रक्कम इतकी मोठी होती की कराचा हेतू महसूल नव्हता हे उघड होते. मूळ विधेयकात पिस्तुले व रिव्हॉल्व्हर यांचाही समावेश होता. नॅशनल रायफल असोसिएशन आणि अन्य संघटनांच्या विरोधामुळे ती वगळण्यात आली. हे वगळणे दूरगामी ठरले. बहुसंख्य खून आणि बहुसंख्य आत्महत्या ज्या शस्त्राने होतात तेच शस्त्र संघीय कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले, आणि ज्याने अल्पसंख्य मृत्यू होतात पण ज्याचे चित्र टोळीवाल्यांशी जोडलेले आहे ते मात्र आत आले. गुन्हेगाराच्या प्रतिमेने शस्त्राची निवड केली, असे म्हणावे लागते.

१९३८ च्या दुसऱ्या कायद्याने विक्रेत्यांना वर्षाला एक डॉलर शुल्काचा परवाना सक्तीचा केला आणि हिंसक गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना शस्त्र विकण्यास मनाई केली. नागरिकांचे दोन वर्ग, दोषी आणि निर्दोष, ही विभागणी संघीय बंदूक कायद्यात येथे प्रथम दिसते. तरीही संघीय कायदेसंहितेत या दोन कायद्यांना मिळालेल्या जागा पाहण्यासारख्या आहेत. १९३४ चा कायदा सव्विसाव्या, म्हणजे महसुलाच्या विभागात गेला आणि १९३८ चा पंधराव्या, म्हणजे वाणिज्याच्या विभागात. अंमलबजावणीही कोषागार विभागाच्या महसूल अधिकाऱ्यांकडे होती. गुन्हेगारांना डोळ्यांसमोर ठेवून केलेले हे कायदे कागदोपत्री कर आणि व्यापार यांचेच राहिले.

वाणिज्याकडून गुन्ह्याकडे

ही स्थिती १९६० च्या दशकात पालटली. कनेक्टिकटचे सिनेटर टॉमस डॉड १९६१ पासून टपालाने होणाऱ्या शस्त्रविक्रीची चौकशी करीत होते. ती चौकशी चालली होती बालगुन्हेगारीविषयक उपसमितीत. संसदेत एखादा प्रश्न कोणत्या समितीपुढे जातो यावर त्याचे पुढील आयुष्य बरेचसे ठरते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. डॉड यांनी ऑगस्ट १९६३ मध्ये विधेयक मांडले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, २२ नोव्हेंबर रोजी, राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या झाली. मारेकऱ्याने ती रायफल शिकागोच्या एका दुकानातून खोट्या नावाने टपालाने मागविली होती; दुर्बिणीसह तिची किंमत १९ डॉलर ९५ सेंट होती. इतके होऊनही विधेयक पाच वर्षे रखडले.

मधल्या काळात राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १९६५ मध्ये कायद्याची अंमलबजावणी व न्यायप्रशासन यांविषयी एक आयोग नेमला. निकोलस कॅट्झेनबाख यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला. पोलीस, न्यायालये आणि तुरुंग हे सुटे विभाग नसून ती एक ‘व्यवस्था’ आहे, ही कल्पना या अहवालाने रूढ केली. आज ज्याला फौजदारी न्यायव्यवस्था म्हटले जाते त्या शब्दप्रयोगाला त्यातून बळ मिळाले. अग्निशस्त्रांचे नियंत्रण हे याच अहवालातील एक प्रकरण होते. व्यवस्थेला नाव मिळाले त्याच वेळी बंदुकीला तिच्यात घर मिळाले.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात आणखी एक घटना घडली. ओकलंडमध्ये पोलिसांवर नजर ठेवण्यासाठी ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते भरलेल्या बंदुका उघडपणे घेऊन फिरत असत. तेव्हाच्या कायद्यानुसार ते वैध होते. ते रोखण्यासाठी आमदार डॉन मलफर्ड यांनी विधेयक आणले. २ मे १९६७ रोजी पँथर कार्यकर्ते सशस्त्र अवस्थेत सॅक्रामेंटो येथील विधानभवनात शिरले आणि विधेयकाला गती आली. गव्हर्नर रॉनल्ड रेगन यांनी जुलैमध्ये त्यावर स्वाक्षरी केली. काल जे वर्तन हक्क होते ते आज गुन्हा ठरले. शस्त्र तेच होते; ते धरणारा हात कोणाचा याकडे समाजाचे लक्ष गेले होते.

४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग आणि ६ जून रोजी रॉबर्ट केनेडी यांचा गोळीबारात अंत झाल्यावर संसद हलली. १९ जून रोजी ‘सुरक्षित रस्ते’ हे शब्द नावातच असलेला गुन्हेगारी नियंत्रण कायदा आणि २२ ऑक्टोबर रोजी बंदूक नियंत्रण कायदा संमत झाला. नोंदणी व मालकाचा परवाना या जॉन्सन यांच्या दोन्ही मागण्या वगळण्यात आल्या आणि स्वाक्षरीच्या वेळी त्यांनी ती खंत जाहीरपणे व्यक्त केली. जे उरले त्याचे सार असे : आंतरराज्यीय टपालविक्री बंद, परवानाधारक विक्रेते आणि शस्त्र बाळगण्यास अपात्र अशा व्यक्तींची यादी. गुन्हेगारीशी झुंजणाऱ्या पोलिसांना साहाय्य करणे हाच कायद्याचा हेतू असून कायदा पाळणाऱ्या नागरिकांवर अनावश्यक बोजा टाकण्याचा इरादा नाही, असे त्याच्या प्रारंभीच नमूद आहे. शिवाय १९३८ चा कायदा रद्द करून ही सर्व तरतूद अठराव्या विभागात, म्हणजे ‘गुन्हे व फौजदारी कार्यपद्धती’ या विभागात घालण्यात आली. स्थलांतर कागदावरचे असले तरी त्याने प्रश्नाचा पत्ता कायमचा बदलला. अंमलबजावणी करणारा मद्य, तंबाखू व अग्निशस्त्र विभाग आणखी पस्तीस वर्षे कोषागारातच राहिला आणि २००३ मध्ये न्याय विभागाकडे गेला.

जून १९६८ मध्येच नेमलेल्या हिंसाचारविषयक राष्ट्रीय आयोगासाठी जॉर्ज न्यूटन व फ्रँकलिन झिमरिंग यांनी १९६९ मध्ये जो अहवाल सिद्ध केला, त्यात देशात सुमारे ९ कोटी शस्त्रे असल्याचा अंदाज होता. मारेकऱ्याचा हेतू कितीही समान असला तरी हातातील शस्त्र कोणते यावर मृत्यूचा संभव अवलंबून असतो, हा झिमरिंग यांच्या संशोधनाचा गाभा होता. प्रश्न माणसाकडून वस्तूकडे वळविणारा हा विचार होता. संसदेने तो स्वीकारला नाही.

बंद झालेली दारे

वस्तूकडे पाहण्याची वाट अमेरिकेला अपरिचित नव्हती. १९६६ च्या वाहन सुरक्षा कायद्यापूर्वी रस्त्यावरील मृत्यूचा दोष मुख्यतः चालकाच्या बेफिकिरीला दिला जाई. पुढे मोटारीची रचनाच सुरक्षित करण्याची सक्ती झाली. १९७२ मध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र आयोग स्थापन झाला; मात्र त्याच्या कायद्यात ‘ग्राहकवस्तू’ या शब्दाच्या व्याख्येतूनच अग्निशस्त्रे वगळण्यात आली. त्यासाठी वापरलेली भाषाही करकायद्याची आहे : ज्या वस्तूंवर अमुक कलमाखाली उत्पादनकर बसतो त्या ग्राहकवस्तू नव्हेत. १९७६ च्या दुरुस्तीने काडतुसांवरील आयोगाचा अधिकारही नाकारला. पुढे २००५ मध्ये, बंदुकीच्या गुन्हेगारी गैरवापराबद्दल उत्पादक व विक्रेत्यांविरुद्ध दिवाणी दावे लावण्यावर संघीय कायद्याने कडक मर्यादा घातली. गैरवापर करणारा गुन्हेगार आहे, मग उत्पादकाला जाब का विचारावा, असा त्यामागचा युक्तिवाद होता. फौजदारी व्याख्या ही केवळ पोलिसांच्या हातातील साधन नव्हती. उत्पादकांसाठी ती ढालही होती, हे यावरून स्पष्ट होते.

एकच दार उघडे राहिले आणि सर्व राजकीय दाब त्यातूनच वाहू लागला. मॅसॅच्युसेट्सने १९७५ मध्ये विनापरवाना पिस्तूल बाळगल्यास एक वर्षाची सक्तीची कैद लागू केली, मिशिगनने १९७७ मध्ये गुन्ह्याच्या वेळी बंदूक जवळ असल्यास दोन वर्षांची. १९८४ मध्ये संघीय कायद्यात हिंसक गुन्ह्यातील बंदुकीसाठी पाच वर्षांची सक्तीची शिक्षा आली. १९८६ चा कायदा तर या दृष्टीने बोलका आहे. शस्त्रमालकांच्या हक्कांचे रक्षण करणारा म्हणून तो ओळखला जातो. त्याने विक्रेत्यांच्या तपासणीवर मर्यादा घातली, केंद्रीय नोंदवहीला बंदी केली. आणि त्याच कायद्याने सक्तीच्या शिक्षेची कक्षा अमली पदार्थांच्या विक्रीपर्यंत वाढविली. दुकानावरचा पहारा सैल झाला आणि तुरुंगाचा दरवाजा रुंद झाला, तोही एकाच स्वाक्षरीने.

याचा परिणाम व्यक्तींच्या आयुष्यावर काय झाला याचे एक उदाहरण २००४ मधील आहे. युटा राज्यात गांजाच्या तीन व्यवहारांशी निगडित प्रकरणात एका तरुणाला, बंदुकीचा प्रत्यक्ष वापर केलेला नसताना, केवळ या कलमांखाली ५५ वर्षांची शिक्षा द्यावी लागली. शिक्षा देणारे न्यायाधीश पॉल कसेल यांनी निकालपत्रातच ती अन्यायकारक असल्याचे नमूद करून राष्ट्राध्यक्षांनी ती कमी करावी अशी शिफारस केली. २०१६ मध्ये त्या व्यक्तीची सुटका झाली. अशा शिक्षा एकावर एक चढविण्याची पद्धत २०१८ च्या कायद्याने बरीच आवरली. २०१६ या आर्थिक वर्षात या कलमाखाली दोषी ठरलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते, असे शिक्षाविषयक संघीय आयोगाची आकडेवारी सांगते.

व्हर्जिनियातील रिचमंड येथे १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट एक्झाइल’ या योजनेत बेकायदा शस्त्राचे खटले सरसकट संघीय न्यायालयात नेले जाऊ लागले. या योजनेला नॅशनल रायफल असोसिएशनचा पाठिंबा होता आणि तिच्या कट्टर विरोधकांचाही. एरवी कोणत्याच मुद्द्यावर एकमत न होणारे हे दोन पक्ष शिक्षेवर एकत्र आले, यातच फौजदारी व्याख्येचे यश आहे. अन्य कोणताही उपाय एका पक्षाला दुखावतो. शिक्षेची किंमत मोजणाऱ्यांना मात्र वाटाघाटीच्या मेजावर जागा नसते.

तथापि ही व्याख्या केवळ वरून लादली गेली असे म्हणणे एकांगी ठरेल. राजधानी वॉशिंग्टनमध्ये १९७६ मध्ये पिस्तुलांवर जवळपास संपूर्ण बंदी आणणारे नगरमंडळ कृष्णवर्णीय बहुमताचे होते. गोळीबाराची झळ ज्या वस्त्यांना सर्वाधिक लागत होती त्यांनीच संरक्षणाची मागणी केली. जेम्स फोरमन यांनी २०१७ मधील आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, त्या वस्त्यांनी पोलिसांबरोबर रोजगार, शाळा व उपचारही मागितले होते; पदरात पडले ते प्रामुख्याने पोलीस. ती बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दुसऱ्या घटनादुरुस्तीच्या आधारे रद्द केली.

दोन नोंदवह्या

एखाद्या प्रश्नाची व्याख्या त्याच्या नोंदवहीत दडलेली असते. अमेरिकेत गुन्ह्यांची राष्ट्रीय आकडेवारी १९३० पासून पोलिसांकडून गोळा होऊ लागली व ती एफ.बी.आय. प्रसिद्ध करू लागली. आत्महत्या हा तिचा विषय नाही. मृत्यूच्या दाखल्यांवरून तयार होणारी दुसरी वही आरोग्य खात्याकडे असते. तिच्यात दोन्ही प्रकारचे मृत्यू येतात, पण बंदूक कोठून आली, ती कोणाची होती, हे नसते. वर्तमानपत्रांत आणि संसदेत प्रामुख्याने पहिलीच वही वाचली गेली. (भारतात गुन्ह्यांचा आणि अपघाती मृत्यू व आत्महत्यांचा असे दोन्ही वार्षिक अहवाल राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागच काढतो. त्यामुळे अमेरिकेतील ही फाळणी मराठी अभ्यासकाच्या चटकन ध्यानात येत नाही.) पहिल्या वहीतला चेहरा शहरातील कृष्णवर्णीय तरुणाचा आहे. दुसऱ्या वहीतील मोठा वाटा श्वेतवर्णीय पुरुषांचा आहे, त्यांत प्रौढ व वृद्ध बरेच, आणि ग्रामीण भागातील प्रमाण अधिक.

दुसरी वही उघडण्याचा प्रयत्न झाला. १९८३ मध्ये अटलांटा येथील रोगनियंत्रण केंद्रांत हिंसाचाराच्या अभ्यासासाठी शाखा निघाली. १९८५ मध्ये सर्जन जनरल एव्हरेट कूप यांनी हिंसाचार व सार्वजनिक आरोग्य या विषयावर कार्यशाळा भरविली. १९९३ मध्ये आर्थर केलरमन व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, घरात बंदूक असल्यास घरातील खुनाचा धोका सुमारे २.७ पट असल्याचे दिसून आले. या संशोधनाच्या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले आणि त्यांतील काही शास्त्रीय दृष्ट्या विचारार्ह होते. परंतु उत्तर शास्त्रीय चर्चेतून आले नाही. १९९६ मध्ये संसदेने अर्कान्सासचे प्रतिनिधी जे डिकी यांच्या नावाची तरतूद केली : या केंद्रांचा इजा-प्रतिबंधाचा निधी बंदूक नियंत्रणाचा पुरस्कार करण्यासाठी वापरता येणार नाही. सोबत २६ लाख डॉलरही कापण्यात आले. बंदूकविषयक संशोधनावर आदल्या वर्षी झालेला खर्च नेमका तेवढाच होता. संशोधनावर शब्दशः बंदी नव्हती, पण अधिकाऱ्यांना इशारा पुरेसा होता. स्वतः डिकी यांनी २०१२ मध्ये या संशोधनाची गरज जाहीरपणे मान्य केली. त्यासाठी स्वतंत्र निधी, वर्षाला अडीच कोटी डॉलर, मिळाला तो २०२० या आर्थिक वर्षापासून.

जून २०२४ मध्ये सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी बंदुकीच्या हिंसाचाराला सार्वजनिक आरोग्याचे संकट घोषित केले. सत्तांतरानंतर, मार्च २०२५ मध्ये, ते निवेदन आरोग्य विभागाने आपल्या संकेतस्थळावरून हटविले.

व्याख्येच्या कडेला

१९११ च्या न्यूयॉर्क कायद्याची परंपरा २३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयात खंडित झाली. परवान्यासाठी ‘योग्य कारण’ दाखविण्याची अट घटनाबाह्य ठरली. या खटल्यात रायफल संघटनेच्या बाजूने ज्यांनी निवेदन सादर केले त्यांत न्यूयॉर्कमधील गरीब आरोपींचे बचाव वकील होते, ही बाब अनेकांना अनपेक्षित वाटली. २०२० मध्ये राज्याच्या लोकसंख्येत १८ टक्के असलेले कृष्णवर्णीय, बंदूक बाळगल्याच्या गंभीर गुन्ह्यांच्या प्रकरणांत ७८ टक्के होते, असे त्यांनी निदर्शनास आणले. बंदूक-स्वातंत्र्याविषयी या वकिलांना विशेष आस्था होती असे मानण्याचे कारण नाही. त्यांचा झगडा व्याख्येशी होता. निकालाने मात्र व्याख्या बदलली नाही. परवाना देण्याचा अधिकार तेवढा आकुंचित झाला.

फौजदारी चौकटीच्या आतूनच थोडी वेगळी वाट निघाली ती कनेक्टिकटमध्ये. १९९८ मध्ये तेथील राज्य लॉटरीच्या कार्यालयात एका कर्मचाऱ्याने चौघांची हत्या करून आत्महत्या केली आणि १९९९ मध्ये, देशात प्रथमच, धोकादायक स्थितीतील व्यक्तीकडून शस्त्र तात्पुरते काढून घेण्याचा कायदा झाला. खुनाच्या घटनेतून जन्मलेल्या या कायद्याचा वापर प्रत्यक्षात आत्महत्येची भीती असलेल्या व्यक्तींबाबत अधिक झाला. १९९९ ते २०१३ मधील ७६२ प्रकरणांचा अभ्यास करून जेफ्री स्वॉनसन व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये असा अंदाज मांडला की, दर दहा ते वीस जप्त्यांमागे एक आत्महत्या टळली असावी. मूळ कायद्यानुसार पोलीस न्यायाधीशाचे वॉरंट घेऊन घरी जात, बंदुका ताब्यात घेत, चौदा दिवसांत सुनावणी होई आणि शस्त्रे जास्तीत जास्त एक वर्ष ठेवून घेता येत. शस्त्र काढून घेण्यासाठी त्या माणसावर कोणताही गुन्हा नोंदविण्याची गरज नसे.